ला रोझ द व्हर्साय : रडारड, गुलाब आणि आमचं फ्रेंच

कानामात्रा
मंडळी, १४ जुलै १७८९ ला पॅरिसची बास्तीय (तुरुंगाचा किल्ला) पडली आणि १६ ऑक्टोबर १७९३ ला फ्रान्सच्या राणीचं, मारी आंत्वानेतचं, मुंडकं उडालं, हे ज्यांना स्पॉयलर वाटत असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं. बाकीच्यांनी चहा घेऊन बसावं, धागा लांबणार आहे.

रियोको इकेदांची ‘बेरुसायु नो बारा’ ही मांगा (जपानी चित्रकथा) सध्या फ्रेंचमधून वाचतेय. फ्रेंच नाव ‘ला रोझ द व्हर्साय’. मूळ जपानी मालिका ‘मार्गारेट’ या मुलींच्या साप्ताहिकात मे १९७२ मध्ये सुरू झाली आणि १९७३ च्या शेवटी संपली. सुरुवात केली तेव्हा इकेदा अवघ्या चोवीस वर्षांच्या. फ्रेंच भाषांतर ‘काना’ प्रकाशनाने २००२ मध्ये काढलं. खंड एवढे जाडजूड की झोपून वाचायची सोय नाही.

गोष्ट अशी. जनरल जार्जेंना मुलीच मुली. सहावीही मुलगीच झाल्यावर ते हट्टाला पेटतात आणि तिला मुलगा म्हणून वाढवतात. नाव ऑस्कर. तलवार, घोडा, गणवेश, आणि पुढे थेट व्हर्सायच्या राजरक्षक दलात. तिच्याकडे जिची जबाबदारी, ती ऑस्ट्रियाहून चौदाव्या वर्षी लग्न होऊन आलेली मारी आंत्वानेत. मारीचा जीव स्वीडनच्या फेर्सेनवर. ऑस्करचाही जीव फेर्सेनवरच. आणि ऑस्करवर जीव ओवाळून टाकणारा आंद्रे, तिच्याच दाईचा नातू, घरात सांभाळलेला, म्हटलं तर नोकर, म्हटलं तर मित्र. पाठीमागे आख्खी फ्रेंच राज्यक्रांती पेटत असते आणि पुढे ही चार माणसं एकमेकांकडे पाठ करून रडत असतात.

रडणं म्हणजे साधंसुधं नाही. डोळ्यांत तारे, ताऱ्यांत पाणी. धक्का बसला की बुबुळं गायब आणि डोळे कोरे पांढरे. कोणी नुसतं वळून बघितलं तरी मागे गुलाब उमलतात. केस चौकटीची रेघ ओलांडून शेजारच्या चौकटीत जातात.

आता मला जे म्हणायचंय ते. मी फ्रेंचची बी-वन (मधली पातळी) झालेली, त्यापुढच्या बी-टूच्या दारात खोळंबलेली विद्यार्थिनी. वर्गात सगळे सांगतात, चांगलं साहित्य वाच. वाचते, आणि डोळे मिटायला लागतात. कारण चांगल्या कादंबरीतली माणसं मनातलं बोलत नाहीत. ‘आज वारा आहे’ म्हणतात आणि त्याचा अर्थ ‘आपलं संपलं’ असा असतो. तो सूर पकडायला भाषेत मुरावं लागतं, आणि शिकणाऱ्याला तेच सगळ्यात उशिरा जमतं. इथे भानगडच नाही. कोणाला काय होतंय ते चेहरा, गुलाब आणि विजांचा कडकडाट मिळून आधीच सांगतात, शब्द मागून येतो. अर्थ आधी कळलेला असल्यामुळे शब्दही डोक्यात राहतो. म्हणून माझं ठाम मत : परकी भाषा शिकताना संयत कलाकृतींच्या वाटेला जाऊ नये. भडक वाचावं.

एकच प्रसंग सांगते. पंधराव्या लुईची ठेवलेली बाई म्हणजे द्यु बारी. वरच्या दर्जाच्या स्त्रीने आधी बोलल्याशिवाय खालच्या दर्जाच्या स्त्रीने तोंड उघडायचं नाही हा दरबाराचा नियम, आणि भावी राणी हिच्याशी एक अक्षर बोलायला तयार नाही. सगळा दरबार दोन तटांत उभा. व्हिएन्नाहून आईचा दबाव, राजदूताच्या विनवण्या. शेवटी १ जानेवारी १७७२ ला ती बोलते. काय बोलते? ‘आज व्हर्सायला बरीच गर्दी आहे.’ बस्स! इकेदाबाई या एका वाक्याला लढाईचा थाट देतात. दरबारी श्वास रोखून उभे, द्यु बारीचा विजयी चेहरा, आणि मारीला अपमानाने रडू फुटलेलं. मी फ्रेंच वर्गात हवापाण्याची वाक्यं पाठ करत होते, आणि इथे तसल्याच एका वाक्यावर दोन देशांची मैत्री टांगलेली.

गंमत म्हणजे हे वाक्य इतिहासात नोंदलेलं आहे. श्टेफान त्स्वाइगने १९३२ मध्ये जर्मनमध्ये लिहिलेल्या मारी आंत्वानेतच्या चरित्रात ते आलं. इकेदांनी शाळकरी वयात ते चरित्र वाचलं आणि त्यातूनच ही मांगा उभी राहिली. म्हणजे व्हर्सायमधलं भांडण जर्मनमार्गे टोकियोला गेलं आणि तिथून डोळ्यांत तारे घालून माघारी आलं. इंग्रजी आवृत्ती असूनही मी फ्रेंच घेतली ती यासाठीच.

अजून कोणी वाचलीय का? की मीच एकटी गुलाबांत लोळतेय?

सरळरेघ
वाचली नाही आणि वाचणारही नाही. तुमच्या वर्णनावरून संध्याकाळच्या मालिका आठवल्या. तिथेही सुनेने सासूला उत्तर दिलं की कॅमेरा तीनदा आपटतो. तिला नावं ठेवायची आणि तेच जपान्यांनी काढलं की कलाकृती, हे कसं काय?

कानामात्रा
@सरळरेघ, मी कलाकृती म्हटलंच नाही, भडक म्हटलंय. :) पण एक फरक आहे. मालिकेत कॅमेरा तीनदा आपटतो आणि पुढच्या आठवड्यात सगळे होते तिथेच असतात. इथे माणसं बदलतात. चौदा वर्षांची अल्लड पोर पुढे उधळी राणी होते, मग आई, मग कैदी, आणि तिचा चेहरा प्रत्येक टप्प्यावर वेगळा काढलाय. शेवटाकडे डोळ्यांतले तारे कमी होत जातात.

बोरकूट
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. गुलाबाच्या पाकळ्या कोणी आणल्यात का?

लियॉंची_काकू
वा! या विषयावर मराठीत धागा निघेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

इकडे फ्रान्समध्ये चाळिशीच्या पुढच्या कोणत्याही बाईला ‘लेडी ऑस्कर’ म्हणून बघा. १९८६ पासून आंतेन दो या वाहिनीच्या ‘रेक्रे आ-दो’ या मुलांच्या कार्यक्रमात त्याचं कार्टून लागायचं. शीर्षकगीत अजून लोकांच्या तोंडात आहे. ऑफिसातल्या एका मैत्रिणीला मी विचारलं तर तिने कॉफी ठेवून तिथल्या तिथे गाऊन दाखवलं. मग म्हणाली, शाळेत राज्यक्रांती शिकवायला घेतली तेव्हा अर्ध्या वर्गाला राणीची मैत्रीण पोलिन्याकबाई आधीच माहीत होत्या, आणि ऑस्कर पुस्तकात कुठे सापडेना म्हणून मुली हिरमुसल्या होत्या.

म्हणून इथे ‘जपान्यांनी आमच्या राणीवर काय काढलंय’ असा सूर कधी ऐकू येत नाही. उलट २००९ मध्ये फ्रान्सने इकेदांना लेजियों दॉनर हा आपला सर्वोच्च सन्मान दिला. फ्रान्स तसाही मांगावेडा देश. २०२१ मध्ये अठरा वर्षांच्या मुलांना सरकारने संस्कृतीसाठी ३०० युरोचा पास दिला, तर पोरांनी त्यातून एवढ्या मांगा उचलल्या की लोक त्याला ‘पास मांगा’च म्हणू लागले. गावच्या साध्या वाचनालयातही मांगाचा स्वतंत्र कोपरा असतो आणि तिथे जमिनीवर फतकल मारून बसलेली मुलं ओलांडून जावं लागतं.

भाषेबद्दल : फुग्यांतले संवाद बी-वनला झेपतात. निवेदनाच्या चौकटींत मात्र पासे सँप्ल, म्हणजे फक्त लिखाणात येणारा भूतकाळ, येतो. घाबरू नका. तृतीय पुरुषी रूपं ओळखता आली की भागतं, वापरायची वेळ आयुष्यात येत नाही.

इतिहासाचा_किडा
धागा उशिरा दिसला. आता किडा वळवळणारच.

ऑस्कर काल्पनिक, पण जार्जे आडनाव खरं. रेन्ये द जार्जे नावाचा सेनाधिकारी होता, राणीशी एकनिष्ठ, आणि तिला तुरुंगातून पळवण्याच्या कटात सामील. इकेदांनी त्याला एक मुलगी देऊन टाकली. बास्तीयच्या प्रसंगातही असंच आहे. गार्द फ्रांसेझ या पलटणीतले फुटलेले सैनिक तोफा घेऊन लोकांना येऊन मिळाले आणि मग किल्ला पडला, हे खरं. त्यांच्या पुढे होता युलँ नावाचा माणूस. मांगात ऑस्कर रक्षकदल सोडून याच पलटणीत बदली मागून घेते, म्हणजे युलँची जागा तिला बरोब्बर मिळते. बाई कल्पनेला इतिहासाची नेमकी फट शोधून देतात. एवढं सगळं होऊन किल्ल्यात कैदी निघाले सात, पण ते मांगाचं काम नाही.

गणवेश मात्र साफ चुकलेत. ऑस्कर जो झगमगीत कोट घालते तो नेपोलियनच्या काळातला वाटतो, सोळाव्या लुईच्या काळातला नाही. दिसते झकास, त्यामुळे माफ.

हिऱ्यांच्या हाराचं प्रकरण वाचताना लोकांना वाटतं की हे तरी नक्की बनवलेलं. नाही हो! झान नावाची बाई राणीची मैत्रीण असल्याची थाप मारते, बनावट पत्रं लिहवून घेते, रात्रीच्या अंधारात बागेत राणीसारखी दिसणारी दुसरीच बाई उभी करून कार्डिनल रोआँला फूल देववते, आणि तो बावळट १६ लाख लिव्रच्या (तेव्हाचं फ्रेंच नाणं) हाराला जामीन राहतो. १५ ऑगस्ट १७८५ ला भर व्हर्सायमध्ये, पूजेचे कपडे अंगावर असताना त्याला अटक. पुढे झानला डाग दिला, व्ही अक्षराचा, म्हणजे फ्रेंचमधल्या ‘चोर’ शब्दाचं पहिलं अक्षर. यात इकेदांना भर घालायला जागाच कुठे होती?

आणि आता फेर्सेन. राणीचं आणि त्याचं खरंच होतं का, यावर दोनशे वर्षं वाद. त्यांच्या पत्रांतल्या काही ओळी कोणीतरी शाईने गिरवून काळ्या केलेल्या होत्या. २०२१ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या त्या पत्रांवर क्ष-किरणांचं तंत्र वापरून शाईच्या घटकांतला फरक शोधला. १५ पत्रांपैकी ८ पत्रांतलं झाकलेलं वाचता आलं. खाली निघाले ‘माझी लाडकी’, ‘वेड्यासारखं प्रेम’ अशा जातीचे शब्द. आणि शाई फासणारा? बहुधा खुद्द फेर्सेन. पत्रं जाळवेनात, पण उघडीही ठेववेनात. हे एखाद्या मांगाकाराने काढलं असतं तर सरळरेघ म्हणाले असते, अतीच होतंय.

अजून एक. जून १७९१ मध्ये राजा-राणी पॅरिसहून पळाले तेव्हा पहिल्या टप्प्यात गाडी हाकत होता फेर्सेन. ती रात्र २० जूनची. १८१० मध्ये स्टॉकहोमच्या रस्त्यात जमावाने त्याला तुडवून मारलं. तारीख? २० जून.

सरळरेघ
बरं बाबा, हरलो. पत्रांचं माहीत नव्हतं. पण डोळ्यांतले तारे अजूनही सहन होणार नाहीत.

बोरकूट
सरळरेघांच्या डोळ्यांत पाणी आलं वाटतं. मागे गुलाब दिसतोय मला.

पडदा_वर
ताकाराझुकाचा उल्लेख अजून कसा नाही आला? ओसाकाजवळच्या ताकाराझुका गावची ही नाटक मंडळी, सगळ्या बाया. रेल्वे कंपनीने आपल्या मार्गाच्या टोकाच्या गावी प्रवासी यावेत म्हणून सुरू केलेली. पुरुषांच्या भूमिका करणाऱ्या नट्यांना ओतोकोयाकु म्हणतात आणि त्यांच्यावर बायका अक्षरशः जीव टाकतात. १९७४ मध्ये त्यांनी हीच मांगा रंगमंचावर आणली आणि तेव्हापासून पुन्हा पुन्हा करतायत. बाई पुरुषाच्या वेषात, आणि तो पुरुष मुळात पुरुष म्हणून वाढवलेली बाई!

पहिल्या प्रयोगाचं दिग्दर्शन केलं काझुओ हासेगावा या सिनेनटाने. हा गृहस्थ लहानपणी काबुकीत स्त्री-भूमिकांसाठी तयार झालेला. म्हणजे बाईचं सोंग शिकलेला पुरुष बायकांना पुरुषाचं सोंग शिकवतोय. आपल्याला हे नवं वाटू नये. आपल्याकडे बालगंधर्वांचे शालू आणि नथ बघून घरंदाज बायका तशी नेसण-ठेवण करायच्या. ताकाराझुकाची मंडळी स्थापन झाली १९१३ मध्ये आणि गंधर्व नाटक मंडळीही १९१३ मध्येच. योगायोगच, पण मला भारी आवडतो.

सरळरेघांच्या प्रश्नालाही इथेच उत्तर आहे. संगीत नाटकात नायिका पत्र वाचून कोसळायची आणि कोसळता कोसळता वन्समोअर घ्यायची. कोणी म्हटलं नाही की हे वास्तववादी नाही. ज्या कलेत सोंग उघड असतं तिथे भावना मोठ्या आवाजातच मांडाव्या लागतात.

तिखटजाळ
सगळं छान चाललंय, पण आंद्रेबद्दल कोणी बोलणार आहे का? मी वाचलीय, फ्रेंचमधूनच. हा प्राणी ऑस्करवर जबरदस्ती करायला जातो. थांबतो, माफी मागतो, पुन्हा कधी असं करणार नाही म्हणतो. मग तिचं लग्न दुसरीकडे ठरतंय म्हटल्यावर तिच्या वाइनमध्ये विष कालवतो. ऐन वेळी पेला उडवतो, ठीक आहे, पण कालवलं तर होतंच ना? आणि एवढं करून नायक हाच! बारा-चौदा वर्षांच्या मुलींच्या साप्ताहिकात हे छापलं जात होतं. मला ते प्रकरण वाचून पुस्तक मिटावंसं वाटलं.

कानामात्रा
@तिखटजाळ, मिटलंस का मग?

तिखटजाळ
नाही ना! तेच तर.

लियॉंची_काकू
माझी लेक ते वाचून भडकली होती. तिच्या पिढीला हे चालत नाही आणि चालूही नये. मी तिला एवढंच म्हटलं की पुढे कोण कोणाला निवडतं ते बघ. १२ जुलैच्या रात्री पाऊल ऑस्कर उचलते. ती सरदारकन्या, वरिष्ठ अधिकारी, आणि तो बिनपदवीचा, एक डोळा गेलेला आणि दुसराही जात आलेला. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून राजाच्या विरुद्ध बाजूला उभी राहतात. १९७३ मध्ये मुलींच्या मासिक-साप्ताहिकांत नायिकेने असं स्वतःहून म्हणणं मोठी गोष्ट होती. लेकीला पटलं नाही. तिचं म्हणणं, ते चांगलं आहे म्हणून आधीचं धुऊन निघत नाही. बरोबरच आहे तिचं.

इतिहासाचा_किडा
इकेदा विद्यार्थिदशेत डाव्या चळवळीत होत्या हे इथे विसरू नये. सरदारघराण्याच्या मुलीने पदव्या टाकून रस्त्यावर उतरणं त्यांच्या जिव्हाळ्याचा भाग होता. आंद्रेची घुसमट त्या वर्गभेदाची म्हणून दाखवतात. पण घुसमट दाखवायला बाईचंच अंग चोळामोळा का व्हावं, हा तिखटजाळचा प्रश्न शिल्लक राहतोच.

उगाच_एक
नवीन सदस्य, पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. २०२५ चा नवा चित्रपट नेटफ्लिक्सवर पाहिला आणि काहीच कळलं नाही. सगळे सारखे गात होते. मांगाही अशीच आहे का?

कानामात्रा
@उगाच_एक, स्वागत! नाही, अजिबात नाही. चित्रपटात एवढा मोठा पसारा दोन तासांच्या आत बसवलाय, त्यामुळे उपकथानकं बहुतेक उडवलीत आणि वर्षंच्या वर्षं गाण्यांत उरकलीत. कार्टूनच बघायचं तर १९७९-८० ची ४० भागांची मालिका बघा. अर्ध्या वाटेवर दिग्दर्शक बदलला, ओसामु देझाकी आले, आणि सगळं एकदम गडद झालं. फक्त त्यात आंद्रेला सुरुवातीपासून भाव आहे. मांगात तो बराच काळ मागच्या रांगेत घोडे धरून उभा असतो आणि हळूहळू पुढे येतो. मला ते हळूहळू येणं जास्त आवडतं.

१९७९ चा झाक देमींचा चित्रपटही आहे. पैसा जपानी, दिग्दर्शक फ्रेंच, चित्रीकरण व्हर्सायमध्ये आणि संवाद इंग्रजीत! त्याबद्दल न बोललेलं बरं.

मठ्ठ_बगळा
वाचनखूण साठवली. प्रश्न : भारतात मिळेल का? माझं फ्रेंच ए-टू, म्हणजे बी-वनच्या एक पायरी खाली. ऑनलाइन किमती बघून भोवळ आली.

लियॉंची_काकू
आलियाँस फ्रांसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेची वाचनालयं आधी बघ. पुणे-मुंबईत आहेत, तिथे चित्रकथांचं कपाट असतं, नेमकी हीच असेल असं नाही. सभासदत्वाबरोबर ‘क्युल्त्युरतेक’ हे डिजिटल वाचनालयही वापरता येतं. इकडून कोणी येणार असेल तर जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणायला सांग. फक्त सामानाचं वजन धरून सांग, नाहीतर नातं तुटेल.

कानामात्रा
ए-टूला जरा जड जाईल, पण अशक्य नाही. माझी रीत सांगते. एक प्रकरण आधी नुसतं चित्रं बघत संपवायचं, शब्दकोश न उघडता. पानं उजवीकडून डावीकडे, हे पहिल्या दिवशी विसरायला होतं आणि उत्तर आधी, प्रश्न नंतर असं वाचलं जातं. मग दुसऱ्यांदा फुगे वाचायचे. दरबारातल्या पदव्या, सरदारांची लांबलचक नावं, गाड्यांचे प्रकार यांत अडकायचं नाही, ते फ्रेंच माणसालाही येत नाही. भांडणाची आणि प्रेमाची वाक्यं मोठ्याने म्हणायची. घरात एकटं असताना म्हणा. मी ‘मी कोणाचीही बाहुली नाही!’ अशा थाटाचं काहीतरी फ्रेंचमध्ये ओरडले आणि आई काय झालं म्हणून धावत आली.

मठ्ठ_बगळा
हसून हसून पुरेवाट. आणि किती खंड घ्यायचे? तीन दिसतायत.

तिखटजाळ
पहिले दोन घे, मुख्य गोष्ट त्यांतच संपते. तिसऱ्यात मागाहून लिहिलेल्या बाजूच्या कथा आहेत, नाही वाचल्या तरी अडत नाही. आणि ऑस्कर गेल्यावर पुस्तक खाली ठेवू नकोस. पुष्कळ जण तिथेच थांबतात. पुढचा भाग, पळालेले राजा-राणी व्हारेन गावात पकडले गेले तिथपासून गिलोटिनपर्यंतचा, घाईत उरकल्यासारखा वाटतो खरा, पण तुरुंगातली राणी तिथेच आहे आणि माझ्या मते बाईंनी सगळ्यात चांगलं तेच काढलंय.

कानामात्रा
+१. आणि आंद्रेचं ते प्रकरण आलं की इथे येऊन लिही. तिखटजाळ आणि मी अजून भांडतोय, तिसरा माणूस हवाच आहे.